पैलवानाचं इंजिन आणि उजवा कौल

इंजिन बांधायचं की बदलायचं, हा प्रश्न अनुजानं कुकरची शिट्टी व्हायच्या आत सोडवला होता. डाळ शिजायला वेळ लागतो, अक्कल चालवायला लागत नाही, असं तिचं स्वच्छ मत होतं. अडचण एवढीच होती की घरात आणखीही माणसं होती आणि त्या प्रत्येकाला आपापली अक्कल होती!

पण आधी पैलवानाची ओळख करून द्यायला हवी. पैलवान म्हणजे अनुजाच्या सासऱ्यांची, हंबीररावांची जुनी डिझेल जीप. हंबीरराव तिला 'ती' म्हणत नसत. "तो" म्हणत. "त्यो आज जरा नाराज हाय," "त्येला जोतिबाचा चढ लई आवडतो," अशा भाषेत बोलत. उचगावातल्या त्यांच्या दारात पैलवान उभा असला की पाहुणे आधी त्याच्याकडे बघत, मग घराकडे. हॉर्न सोडून त्याचं सगळं वाजायचं! दारं वाजायची, टप वाजायचं आणि इंजिन तर असं वाजायचं, की कोणी लोखंडी पिंपात नारळ भरून ते जिन्यावरून सोडून दिलंय.

खडाक-धडाड! खडाक-धडाड!

आणि हीच राजवीरची अंगाई होती.

राजवीर म्हणजे अनुजाचं नुकतं पळायला लागलेलं बाळ. दिसायला लोण्याचा गोळा, पण झोप या विषयावर त्याचे विचार फार कडवे होते. पाळणा झाला, मांडी झाली, खांदा झाला. तानाबाईंनी, म्हणजे अनुजाच्या सासूबाईंनी, ओव्या म्हटल्या. त्या ऐकून शेजारची म्हैस बसली, राजवीर उठून बसला! मग एका दुपारी हंबीरराव त्याला पैलवानातून हायवेपर्यंत घेऊन गेले. सोबत अनुजा मांडीवर त्याला धरून. कोपऱ्यावरच्या दूध डेअरीपाशी पोचेपर्यंत पोराची मान लुडकली, मुठी उघडल्या आणि तोंडातून लाळेचा एक रेशमी धागा तिच्या साडीवर उतरला. अनुजानं वाकून त्याच्या टाळूचा वास घेतला. डिझेल आणि दूध. जगात असलं अत्तर नाही!

तेव्हापासून रोज दुपारी पैलवानाची फेरी ठरलेली. पोर झोपलं की अलगद आणून पाळण्यात घालायचं, आणि मग अनुजानं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून एक कप चहा प्यायचा. गरम! बाळंतपणानंतर ज्या बाईनं सायीखालचा गार चहा उभ्याउभ्या घशात ओतलाय, तिलाच या 'गरम' शब्दाची किंमत कळेल. दिवसातला तो एक कप तिचा स्वतःचा होता. बाकी सगळा दिवस राजवीरचा.

तर अशा या पैलवानानं सरनोबतवाडीच्या चढावर एके दिवशी निळा धूर सोडला. थोडा नव्हे, रस्ता दिसेनासा होईल इतका. मागून येणारा स्कूटरवाला ओरडला, "डासाचं औषध मारताय व्हय आबा? आमच्या गल्लीत बी या की!"

पैलवानाला ट्रॅक्टरला बांधून गुरुसिद्धच्या गॅरेजात आणलं. गुरुसिद्ध मूळचा निपाणीकडचा. हाताला ग्रीस, कपाळाला भस्म, आणि बोलणं असं की साधं पंक्चर सांगतानाही ऐकणाऱ्याला वाटावं, घरचं माणूसच गेलं. त्यानं इंजिनवर कान ठेवला. डोळे मिटले. लांब सुस्कारा सोडला.

"अय्यो आबा, इंजिन कामाला आलंय. दोन वाटा हाईत. एक तर हेच खोलून, उद्यमनगरात बोअर मारून, नव्या रिंगा-पिस्टन घालून बांधायचं. न्हाईतर दुसरं इंजिन आणून बसवायचं. काय ते घरात ठरवा."

'घरात ठरवा' हे त्यानं बोलायला नको होतं!

हंबीरराव म्हणाले, "पैलवानाचं काळीज बदलायचं? मर्दा, त्यापरीस माझं बदल!"

अनुजाचा नवरा यशराज इचलकरंजीला यंत्रमागाच्या शेडमध्ये पाळीवर असे. त्यानं हिशेब मांडला. "आबा, एकदा खोललेलं इंजिन म्हंजे फाटलेली गोधडी. एक टाका घातला की शेजारचा उसवतो. इचलकरंजीत एका जीपचं चांगलं इंजिन निघालंय. बसवायचं आणि विषय संपवायचा!"

तानाबाई अंगणातनं म्हणाल्या, "माझं सांडगं काळं पडत्यात धुरानं, त्येचं कुणी बोलतंय का?"

कोणी बोलत नव्हतं. मग गल्ली बोलली. कोल्हापुरात माणूस आजारी पडला तर लोक फळं घेऊन येतात. गाडी आजारी पडली तर मतं घेऊन येतात. आणि मत दिलेल्या माणसाला चहा द्यावाच लागतो. अनुजा दिवसभर चहाच करत होती. सगळ्यांना गरम, तिचा तेवढा गार! कारण पैलवान गॅरेजात आणि राजवीर टक्क जागा.

अनुजाचं मत पक्कं होतं. इंजिन बांधायचं. तेच इंजिन, तोच आवाज, तीच झोप, तोच चहा! बदललेल्या इंजिनाचा आवाज पोराला नाही रुचला तर? पण 'पोराच्या झोपेसाठी इंजिन बांधा' असं म्हटलं असतं तर घरातली गडीमाणसं हसून लोळली असती. तेव्हा तिनं कारण पदराखाली ठेवलं आणि मोठ्या शहाणपणानं सुचवलं, "एवढं भांडण्यापेक्षा देवीला कौल लावूया की!"

गल्लीच्या टोकाला देवीचं छोटं देऊळ होतं. तिथं पुजारी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायचा. आपण मनातल्या मनात प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर 'हो', डावी पडली तर 'नाही'. आणि मिळालेला कौल काम पार पडेपर्यंत घरात कोणाला सांगायचा नाही, सांगितला की फळत नाही, अशी रीत.

आता अनुजाच्या शहाणपणातली मेख अशी. गेल्या नवरात्रात हंबीररावांनी देवळाला भिंतीवरचा पंखा दिला होता. पात्यांपेक्षा 'सौजन्य : हंबीरराव' ही अक्षरंच मोठी! तो पंखा बसवला होता देवीच्या उजव्या अंगाला. वाऱ्यानं उजवी पाकळी लवकर सुकायची आणि पडायची. तेव्हापासून गावात सगळ्यांना उजवाच कौल! पोरांना नोकरी उजवी, पोरींना स्थळं उजवी. पुजाऱ्याची दक्षिणासुद्धा उजव्या हातानं वाढत चालली होती. ही गोष्ट आपल्याशिवाय कोणाच्याही लक्षात आलेली नाही, याबद्दल अनुजाला जराही शंका नव्हती.

म्हणजे मुद्दा कौलाचा नव्हताच. मुद्दा आधी प्रश्न विचारण्याचा होता!

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती राजवीरला कडेवर घेऊन देवळात गेली. 'आई, हेच इंजिन बांधू का?' पंखा घरघरला. उजवी पाकळी टपकन पडली. अनुजानं हात जोडले, देवीला डोळ्यांनीच 'समजून घे' म्हटलं आणि येताना गुरुसिद्धच्या कानाशी लागली. "भावजी, इंजिन बांधायचं. देवीचा कौल हाय. पण घरात कुणाला बोलायचं न्हाई!"

"वैनी, माझ्या तोंडाला पान्हा लावून आवळलंय समजा!" गुरुसिद्ध म्हणाला.

अनुजा घरी आली ती मांजरीनं दूध पिऊन यावं तशी. यशराज दारातच भेटला. तोही हसत होता. तानाबाई सांडगे घालत होत्या. त्याही गालात हसत होत्या. इंजिनाचा विषय कोणी काढेना. हंबीररावांनी विचारलं, "मग ठरलं काय?" तर तिघांनी एकदम सांगितलं, "देवी बघंल की!" घरात एवढी एकी अनुजानं लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. शहाण्या माणसाला तिथंच शंका यायला हवी होती. पण अनुजाला आपल्या शहाणपणाबद्दल इतकी खात्री होती की शंकेला जागाच उरली नाही!

मग सुरू झाले पैलवानाशिवायचे दिवस. राजवीर झोपेना. त्याला धुण्याच्या यंत्रावर बसवलं. यंत्र थरथरलं, पोर खुदखुदलं. हंबीरराव त्याला पिठाच्या गिरणीत घेऊन गेले. तासाभरानं दोन पांढरी भुतं परत आली, त्यातलं धाकटं टाळ्या पिटत होतं. यशराज म्हणाला, "मागाच्या खडखडाटात मान टाकणाऱ्या बापाचं पोरगं हाय ते! शेडमध्ये नेतो."

"आणि कापसाची उशी करून माघारी आणता व्हय? काय नको!"

मग यशराजनं पोराला मांडीवर घेतलं, मांडी हलवली आणि तोंडानंच सुरू केलं, "खडाक-धडाड! खडाक-धडाड!" आवाज इतका हुबेहूब जमला की थोड्या वेळानं घोरणं ऐकू आलं. अनुजा चहाचं आधण टाकून धावत आली. यशराज झोपला होता! राजवीर त्याच्या नाकात बोट घालून आत इंजिन कुठं आहे ते शोधत होता.

अनुजाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. एकदा तिनं वरणात साखर घातली, एकदा चहाला फोडणी दिली. पण मनात मात्र ठाम होती. इंजिन बांधून होतंय. आवाज येतोय. झोप येतेय. चहा येतोय!

शेवटी गुरुसिद्धचा निरोप आला. "पैलवान तयार. नारळ घेऊन या."

सगळं घर गॅरेजात गेलं. हंबीररावांनी फेटा बांधला होता. पैलवान धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून उभा होता, आणि शेजारी ताडपत्रीखाली आणखी काहीतरी झाकलेलं होतं. अनुजाच्या कडेवर राजवीर. डोळे लाल, पण मिटायचं नाव नाही.

गुरुसिद्धनं हात जोडले आणि ताडपत्री ओढली. आत लोखंडी घोडीवर इंजिन! काळ्या तेलात वर्षानुवर्षं बुडालेलं ते धूड आता चांदीच्या समईसारखं लखलखत होतं. त्याला हळदकुंकूही लावलेलं.

"हे घ्या. बांधलं!"

अनुजाची मान अभिमानानं ताठ झाली. मग हळूहळू तिरकी झाली. "भावजी, इंजिन हितं हाय, तर जीपमध्ये काय हाय?"

"जीपमध्ये धाकल्या मालकांनी इचलकरंजीसनं आणलेलं. बदललं!"

सगळे यशराजकडे बघायला लागले. यशराज अनुजाकडे बघायला लागला. अनुजा नारळाकडे.

"खुळा का काय तू!" हंबीरराव गरजले. "एका जीपला दोन इंजिनं? रेल्वे करतोस का त्येची?"

"आबा, मी काय करू?" गुरुसिद्धनं भस्माला हात लावला. "वैनी आल्या, म्हणाल्या बांधा, देवीचा कौल हाय, बोलू नका. धाकलं मालक आलं, म्हणालं बदला, देवीचा कौल हाय, बोलू नका. दोन्ही कौल देवीचं! कुठला मोडू? मी मेकॅनिक हाय, पाखंडी न्हाई!"

"तुम्ही बी कौल लावलासा?" अनुजा नवऱ्यावर उसळली.

"आणि तू? मला वाटलं, पंख्याचं मला एकट्यालाच ठावं हाय!"

"कसला पंखा?" हंबीररावांनी विचारलं.

दोघांनी माना खाली घातल्या. मग तुटक तुटक सांगितलं. हंबीररावांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग थोडा अभिमानही. आपल्या पंख्यानं गावाचं एवढं नशीब हलवलं, हे त्यांना आजच कळत होतं.

"ते ऱ्हाऊ दे," अनुजानं सूत्रं हातात घेतली. ती हरणाऱ्यांतली नव्हती. "दोन्ही इंजिनं लावून बघूया. राजवीर ज्याला झोपंल, ते ठेवायचं!"

"पोरगं झोपायचा काय संबंध?" यशराजनं विचारलं.

आणि मग ते पदराखालचं कारण बाहेर आलंच. झोप, फेरी, गरम चहा, सगळं. बोलता बोलता तिचा आवाज ओला झाला. "दिवसातनं एक कप मागतोय मी. तेवढाच!"

कोणी हसलं नाही. हंबीररावांनी फेटा उगीच नीट केला आणि किल्ली फिरवली.

इचलकरंजीचं इंजिन सुरू झालं. झालं की नाही, तेच कळेना! सासुरवाडीला पहिल्यांदा जेवायला बसलेल्या जावयासारखं. चालू तर आहे, पण आवाज नाही. राजवीरनं डोळे आणखी मोठे केले.

"बघा!" अनुजा म्हणाली. "आता माझं लावा! बांधलेलं!"

गुरुसिद्धनं घोडीवरच्या इंजिनाला डिझेलचा डबा जोडला, बॅटरी लावली. सगळ्यांनी श्वास रोखला. अनुजानं राजवीरचं डोकं खांद्यावर टेकवलं.

इंजिन बोललं, "सुंऽऽऽऽ."

पहिल्यापेक्षाही गोड! पहिल्यापेक्षाही शांत! देवघरातली मधमाशी जणू.

"अवो भावजी," अनुजा कशीबशी म्हणाली, "ह्यातलं खडाक-धडाड कुठं गेलं?"

"तेच तर काढलं की वैनी!" गुरुसिद्ध फुलून आला. "खडाक म्हंजे झिजलेलं पिस्टन, धडाड म्हंजे गेलेली बेरिंगं. त्यो आवाज न्हवता, त्यो रोग हुता! मुळासकट काढला!"

अनुजा टायरवर बसली. आजवर तिचं बाळ ज्या अंगाईवर झोपत होतं, ती इंजिनाची शेवटची घरघर होती! ती वाचवण्यासाठी तिनं स्वतःच इंजिन बरं करून घेतलं होतं. राजवीरनं तिच्या कानातली रिंग ओढली आणि तो ताजातवाना हसला.

तेवढ्यात तानाबाईंनी घसा खाकरला.

"आता समदी बोललाईसा, तर माझा बी एक कौल हाय."

"आई, तू बी?"

"मी बी गेलतो की! पर मी तुमच्यागत न्हाई. त्यो पंखा घूं-घूं करत देवीच्या अंगावर वारं मारत हुता, ते काय मला बघवलं न्हाई. बटण बंद केलं. मग इचारलं, 'आई, ही धुरकट जीप इकू का?' उजवा पडला!"

गुरुसिद्धच्या हातातला पान्हा खणकन खाली पडला. पंखा बंद असताना उजवा! म्हणजे खरा!

"आणि मी माझ्या भाच्याला सांगून बी टाकलंय. हातकणंगल्याच्या सम्राटला. वरातीला लावायला जीप पायजे त्येला. आत्ता येतोच म्हणाला."

"तानाबाई!" हंबीररावांनी पैलवानाच्या बॉनेटवर हात ठेवला. "पैलवान... इकला?"

त्याच क्षणी गॅरेजच्या वळणावर निळा धूर दिसला. मागोमाग आवाज. कोणी लोखंडी पिंपात नारळ भरून जिन्यावरून...

खडाक-धडाड! खडाक-धडाड!

सम्राट आपला मंडपाचा जुना टेम्पो घेऊन आला होता. तो उतरून दारात उभा राहिला, तरी टेम्पो थरथरतच होता. "राम राम मामा! बंद करत न्हाई हां, एकदा बंद पडला की धक्का मारावा लागतोय!"

"श्शऽऽ!" अनुजा.

राजवीरची मान तिच्या खांद्यावर लुडकली होती. मुठी उघडल्या होत्या. लाळेचा रेशमी धागा तिच्या खांद्यावरून सावकाश खाली उतरत होता.

सगळे कुजबुजायला लागले. नारळ फोडायचा राहिला तो राहिलाच. हंबीरराव नातवाजवळ आले. त्यांनी त्याच्या तळव्याला एक बोट लावलं. झोपेतच त्यानं ते मुठीत धरलं. हंबीरराव तसेच उभे राहिले, बोट सोडवून न घेता. मग दुसऱ्या हातानं त्यांनी खिशातून पैलवानाची किल्ली काढली आणि सम्राटपुढं धरली.

"घेऊन जा. त्येच्यात इचलकरंजीचं इंजिन हाय, लई शांत हाय, वरातीत बँड नीट ऐकू येईल. पैलवानाचं काळीज मात्र हितंच ऱ्हाईल, माझ्यापाशी. आणि ह्यो टेम्पो ठेवून जायाचा."

"मामा, ह्यो? ह्येचं तर इंजिन..."

"ठावं हाय!"

अशा रीतीनं इंजिन बांधलंही गेलं, बदललंही गेलं आणि जीप विकलीही गेली. देवीनं एकाचाही कौल खोटा पडू दिला नाही. पंख्याचं बटण कोणाच्याही हातात असलं, तरी लगाम तिच्याच हातात होता!

टेम्पो उचगावात शिरला तेव्हा मागं बांधलेलं इंजिन गुलाबी शालीत गुंडाळून हंबीरराव त्याला धरून बसले होते. निघताना गुरुसिद्धनं टेम्पोवर कान ठेवून, डोळे मिटून, लांब सुस्कारा सोडलाच होता. "वैनी, ह्येचं बी कामाला आलंय. बांधायचं का बदला..."

"हात लावलासा तर बघा!" अनुजा कुजबुजत गरजली होती.

घरी येऊन तिनं राजवीरला पाळण्यात घातलं. तो हललाही नाही. तानाबाईंनी न सांगताच आधण ठेवलं होतं. उंबऱ्यावर बसलेल्या सुनेच्या हातात त्यांनी कप दिला. वाफ निघणारा, आल्याचा, काठोकाठ. अंगणात शालीतलं इंजिन, कडेला पांढरेशुभ्र सांडगे, आणि सगळ्या घरावर पसरलेली दुपारची झोप. शेवटी आपलंच म्हणणं खरं झालं, असं अनुजाला वाटलं. कसं, ते नीट सांगता आलं नसतं. पण झालं होतं!

तिनं कप तोंडाला लावला आणि इतक्या दिवसांच्या सवयीनं, गार चहा घेतात तसा, मोठा घोट गटकन घेतला.

"आई गंऽऽऽऽ!"

शेजारची म्हैस उठली. आतून पाळण्याची घुंगरं वाजली, आणि मागोमाग पूर्ण झोप झालेल्या आवाजात राजवीरनं हाक मारली.

हंबीररावांनी पायात चपला सरकवल्या.

"चल पोरी," ते म्हणाले, "धक्का मारायला यशला बी उठव."